एकवीस, वीस एक आणि ट्वेंटी वन

नॉर्वेचे टेलिफोन खाते आणि आपले दुसरीचे गणिताचे पुस्तक यांचे एकमेकांशी नाते आहे, हे मला हल्लीच कळले. निवृत्तीनंतर वाचनाला काही ताळतंत्र राहत नाही. एका लेखातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि शेजारी चहा गार! यंदा मी अशीच संख्यांच्या नावांच्या मागे लागले. संख्या म्हणजे गणितातल्या नव्हेत. एकवीसला एकवीस का म्हणायचे, एवढाच प्रश्न. पण त्यात भाषा, विज्ञान, यंत्रे आणि थोडे राजकारणही निघाले. जे सापडले ते सांगते, आणि त्यावरून माझे जे मत झाले तेही सांगते. पटले नाही तर वाद घालायला मोकळीक आहेच.

आधी नॉर्वे. तिथे पूर्वी एकवीस म्हणायचे तर 'एक आणि वीस' म्हणत. म्हणजे आपल्यासारखेच, एकक आधी, दशक मागून. पुढे टेलिफोन वाढले, त्यांचे नंबर लांबत चालले. एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईला गिऱ्हाईक सांगे 'चार आणि सत्तर', तोवर तिने चार टिपलेला असे! चुकीच्या घरी घंटा वाजू लागल्या. टेलिफोन खात्याने गाऱ्हाणे मांडले, ते थेट संसदेपर्यंत गेले, आणि १९५१ सालापासून सरकारी पातळीवर नवी पद्धत आली. शाळेत, रेडिओवर, कचेऱ्यांत 'वीस एक' असे म्हणायचे. गंमत पुढेच आहे. या गोष्टीला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी नॉर्वेत जुनी पद्धत मेलेली नाही. शाळेत नवी शिकलेली माणसे घरी, गप्पांत, वय सांगताना खुशाल जुनी वापरतात. काही जण तर एकाच संभाषणात दोन्ही. सरकारने सांगितले म्हणून भाषा सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जर्मन भाषेत मात्र आजही 'एक आणि वीस'च चालते. बोखुमच्या विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्झेन यांनी २००४ साली याविरुद्ध एक चळवळ उभी केली, आणि तिचे नावच 'वीसएक' या अर्थाच्या जर्मन शब्दाने ठेवले. त्यांचे म्हणणे फार मवाळ होते. जुनी पद्धत काढू नका, पण तिच्याबरोबर सरळ पद्धतही मुलांना शिकवा. जर्मन भाषा काही बदललेली नाही. पण प्राध्यापकांना जे वाटत होते त्याला पुढे संशोधनाचा आधार मिळाला. ऑस्ट्रियात पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून लिहायला सांगितल्या, त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या एकूण चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका एकक-दशक उलटे होण्याच्या निघाल्या.

हे वाचताना मला नवल वाटले नाही. माझी सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात प्राथमिक शाळेत झाली. 'सत्तावीस' असे सांगितले की पाटीवर ७२ येणार, हे दुसरीच्या कोणत्याही बाईंना विचारा. मूल कानाने आधी 'सत्ता' ऐकते, हात आधी सात लिहितो. त्यात त्याचे काय चुकले? काही हुशार मुले एक युक्ती करत. आधी सात लिहीत, मग त्याच्या डावीकडे दोन. उत्तर बरोबर, हात उलटा. तपासनीस साहेबांना फक्त उत्तर दिसे, मला तो हात दिसे.

आमच्या पूर्व भागात पद्मशाली समाज मोठा. यंत्रमागावर आणि विडी कारखान्यात काम करणारी घरे, घरात बोली तेलुगू. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे चक्क 'वीस एक'. कानडीतही तसेच, 'इप्पत्तोंदु', वीस आणि एक. वर्गात बसलेल्या अर्ध्या मुलांच्या घरी संख्या सरळ बोलली जाई आणि शाळेत उलटी. त्या मुलांना मी विचारी, "अरे, घरी काय म्हणता?" ते तेलुगूत सांगत आणि पाटीवर बरोबर लिहीत. मग मी मराठी नाव सांगे. याला अध्यापनशास्त्रात काही मोठे नाव असेल, मला ते ठाऊक नव्हते. गरजेपोटी सुचलेली गोष्ट होती ती.

चिनी भाषेत तर हा सरळपणा टोकाला गेला आहे. अकरा म्हणजे 'दहा एक', बारा म्हणजे 'दहा दोन', एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच. फरक पडतो तो अकरापासून पुढे, कारण इंग्रजीत तिथे 'इलेव्हन', 'ट्वेल्व्ह' अशी काहीच न सांगणारी नावे येतात. शिवाय 'फोर्टीन' आणि 'फोर्टी'चा घोळ आहेच. इंग्रजी सोपी, मराठी अवघड असे जे आपण समजतो ते तितकेसे खरे नाही. पण म्हणून सगळे भाषेवरच अवलंबून आहे असेही मी म्हणणार नाही. घर, शाळा, भूक, सराव, पुष्कळ गोष्टी असतात. शब्दाने एक पायरी उंच होते किंवा ठेंगणी होते, इतकेच.

आता जरा विषयांतर, कारण ते टाळणे मला जमणार नाही. सगळ्यात जास्त मजा आणली ती डेन्मार्कने. डॅनिश भाषेत पन्नासला 'हाल्वत्रेस' म्हणतात. हा एका लांबलचक शब्दसमूहाचा तुकडा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे काय? दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा झाला, म्हणजे अडीच. अडीच वेळा वीस म्हणजे पन्नास! मी वाचता वाचता थांबले, कारण आपला 'अडीच' हा शब्दही नेमका असाच घडला आहे. संस्कृत 'अर्धतृतीय', त्याचे प्राकृतात 'अड्ढाइज्ज', त्याचे आपले 'अडीच'. कुठे कोपनहेगन, कुठे सोलापूर, आणि मोजण्याची रीत एक. 'दीड' म्हणजेही अर्धा-दुसराच. आणि साडेतीनला जुन्या मराठीत 'औट' म्हणत, तो 'अर्धचतुर्थ'चा नातू. औटघटकेचे राज्य आपण अजून म्हणतो, पण त्यातली औट म्हणजे साडेतीन आणि एक घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा ते राज्य एकूण चौऱ्याऐंशी मिनिटांचे, हा हिशेब आता कोण करतो? जर्मन माणूस तर आजही घड्याळात अडीच वाजले की 'हाल्प द्राय' म्हणतो, म्हणजे 'अर्धे तीन'. आपल्या अडीचची ही जर्मन चुलत बहीणच म्हणायची.

फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'चार वीस', आणि नव्व्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा नऊ'. फ्रेंच मुलांची कीव करण्याआधी आपल्याकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या आठवा. 'तीन विसा आन् पाच' अशी शेळ्यांची मोजदाद करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. शंभर म्हणजे पाच विसा. अक्षरओळख नाही, पण मोजणीत एका शेळीची चूक नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच लोकांनी मात्र नव्वदला एक सुटसुटीत शब्द ठेवला आहे. भाषा तीच, सरहद्द ओलांडली की आकडा वेगळा.

आपल्या मराठीकडे येऊ. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत मोजायला इंग्रजीला २८ शब्द पुरतात. शून्य ते एकोणीसचे वीस आणि पुढच्या दशकांचे आठ. बाकीचे सगळे जोडून होतात. मराठीला जवळजवळ शंभर लागतात! नियम आहे असे वाटते आणि तो हातातून निसटतो. दोन हा कुठे 'बा' होतो (बावीस, बावन्न, बासष्ट), कुठे नुसता 'ब' (बत्तीस), कुठे 'बे' (बेचाळीस), कुठे 'ब्या' (ब्याऐंशी, ब्याण्णव). सहाचे तर विचारूच नका: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. पन्नासचे 'वन्न' होते आणि 'पन्न'ही होते. संगणकाला मराठी आकडा उच्चारायला शिकवतात तेव्हाही त्याला नियम सांगून भागत नाही, शंभर नावांची यादीच हातात द्यावी लागते. म्हणजे यंत्रसुद्धा आमच्या पहिली-दुसरीच्या मुलांसारखेच पाठांतर करते, हे वाचून मला फार बरे वाटले.

ही नावे कोणी बसून तयार केलेली नाहीत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाईंच्या आणि नाण्यांच्या संख्या चिन्हांनी कोरल्या आहेत. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. ती चिन्हे वाचणारे लोक ज्या प्राकृत शब्दांनी ती उच्चारत असतील, ते आपल्या बावन्न-त्रेपन्नचे पूर्वज. नाणे हजारो हातांतून गेले की त्याच्या कडा झिजतात, तसे हे शब्द हजारो तोंडांतून जाऊन झिजले आहेत. त्यांच्यातला नियम हरवला तो फार वापरल्यामुळे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला त्यांचे प्रेम असणार हे उघड आहे.

आणि तरीही मी २०१९ साली मंगलाताई नारळीकरांच्या बाजूची होते, आजही आहे.

आठवत असेल. त्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक आले आणि गहजब झाला. पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बत्तीसला 'तीस दोन' असे दिले होते. वर्तमानपत्रांत अग्रलेख, वाहिन्यांवर चर्चा, मोबाईलवर विनोदांचा पाऊस. विधानसभेत फडणवीस या आडनावावरही कोटी झाली. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. स्वतः गणितातल्या डॉक्टरेट, 'गणितगप्पा'सारखे मुलांसाठीचे पुस्तक लिहिणाऱ्या. त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. जोडाक्षरांनी भरलेली नावे लहान मुलांना जड जातात, त्यांना संख्येची भीती वाटू नये म्हणून ही सोय आहे. ऐकते कोण! टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडून पाहिले होते कोण जाणे. दुसरीचा वर्ग शिकवलेले तर त्यांत फारच थोडे असावेत. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. त्यांच्यावरच्या लेखांत हा वाद एखाद्या ओळीत येऊन जातो. मला वाटते तो अजून संपलेला नाही, आपण फक्त त्यावर बोलायचे थांबलो.

टीकाकारांचे सगळेच म्हणणे उडवून लावण्यासारखे होते असे मात्र नाही. त्यातला एक मुद्दा मला तेव्हाही पटला होता. 'वीस एक' ही शिडी आहे हे मान्य, पण मूल शिडीवरच बसून राहिले तर? घरी, दुकानात, एस.टी.त 'एकवीस' कानावर पडले तर मूल आपोआप वर चढेल. नाही पडले तर? ही भीती खरी होती. फक्त त्यांनी दोष पुस्तकाला दिला, आणि कानावर काय पडते हे कोणी पाहिले नाही.

म्हणूनच मला वेल्सची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनच्या पश्चिम कडेला असलेला हा छोटा प्रदेश. त्यांची वेल्श भाषा जुनी, आणि शेजारी इंग्रजीसारखी सर्वभक्षक भाषा. वेल्शमध्ये संख्या मोजायची परंपरागत रीत आपल्याहून अवघड, विसाच्या हिशेबाने चालणारी. अठराला त्यांचा शब्द आहे 'दोन नऊ' या अर्थाचा! कवितेत गोड वाटेल, गणिताच्या तासाला नाही. त्यांनी काय केले? शाळांतून एक सरळ दशमान पद्धत रूढ केली. अकरा म्हणजे 'एक दहा एक', एकवीस म्हणजे 'दोन दहा एक', अगदी चिनी थाटात. जुनी पद्धत तारखांना, घड्याळाला, वय सांगायला राहिली. वेल्श माध्यमात शिकणारी मुले दोन अंकी संख्या वाचण्यात इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा सरस ठरल्याचे ऑक्सफर्डच्या अॅन डाउकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. वेल्श बोलणारी पुष्कळ माणसे मोठे आकडे आले की सरळ इंग्रजीत शिरतात. त्या मुलुखात गणिताचा तास तरी वेल्शमध्ये होतो, आणि त्यात या सरळ नावांचा मोठा हात आहे. जुन्या नावांचा अभिमान बाळगून मुलांना त्यांतच अडकवले असते तर ती मुले वेल्शमधल्या जुन्या नावांकडे गेली नसती, इंग्रजीकडे गेली असती.

आपण २०१९ साली भांडलो ते 'एकवीस' आणि 'वीस एक' यांच्यावरून. दोघीही मराठीच्याच लेकी. तिकडे 'ट्वेंटी वन' दिंडी दरवाज्यातून आत येऊन पाटावर बसली, तिच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर विड्या वळलेल्या. हजार विड्यांमागे किती, आठवड्याचे किती, तंबाखू-पानाची कपात किती, हे सगळे तोंडी करून कारखान्याच्या कारकुनाची चूक काढणाऱ्या. त्यांचा नातू सातवीत आहे, सेमी इंग्रजीत; म्हणजे शाळा मराठी, गणित इंग्रजीतून. बँकेत पैसे जमा झाल्याचा संदेश आला की तो वाचून दाखवतो. एकदा मी तिथे बसले होते. "आज्जी, चार हजार आणि... सिक्स्टी एट." आजींनी विचारले, "म्हंजे किती?" त्याला अडुसष्ट आठवेना. अडसष्ट, अठ्ठासाठ असे काहीतरी पुटपुटला, मग त्याने बोटांनी आधी सहा दाखवले आणि मग आठ. आजी म्हणाल्या, "चौदा?"

त्या मुलाला कोणी 'साठ आठ' एवढे जरी शिकवले असते, तरी आजींना क्षणात कळले असते. शब्द खडबडीत लागला असता, व्यवहार झाला असता, आणि आजींच्या तोंडून लगेच 'अडुसष्ट व्हय' असे निघून मुलाला खरा शब्दही मिळाला असता. शिडी असते ती याचसाठी. आत्ता त्या दोघांत ना शिडी आहे ना जिना. ज्या बाईला जन्मात कोणी हिशेबात फसवू शकले नाही, ती स्वतःचे पैसे किती हे कळायला नातवाच्या बोटांकडे बघते आहे. याला भाषेचा प्रश्न म्हणायचे की आणखी कशाचा, ते तुम्ही ठरवा.

नॉर्वेत टेलिफोनने आकड्यांचा क्रम बदलला, आपल्याकडे मोबाईलने आकड्यांची भाषाच बदलली. घरोघरी जुने काळे फोन होते तेव्हा आम्ही नंबर जोडीजोडीने सांगत असू, बासष्ट, तेवीस, चाळीस. आता दहा आकड्यांचा नंबर आला आणि शुद्ध मराठी बोलणारा माणूसही 'नाइन एट टू टू' सुरू करतो. सभेत मराठीच्या अभिजात दर्जावर टाळ्या घेऊन आलेले वक्ते (तो दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, आनंदच आहे) खाली उतरून आपला नंबर इंग्रजीत देतात. आणि भाजीवाल्याच्या गाडीवर ती बोलकी डबी असते ना, पैसे आले की ओरडणारी? ती मात्र स्वच्छ मराठीत 'एकोणनव्वद रुपये' म्हणते, आणि गाडीवरचा पोरगा खात्री करायला मोबाईलचा पडदा बघतो. डबीला शंभर नावे पाठ आहेत, पोराला नाहीत.

शब्द बाजारात जगतात आणि बाजारातच मरतात, याचा एक पुरावा माझ्याच वयाच्या लोकांकडे आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि ती औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सगळे तोंडपाठ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा जगात पाव आणि पाऊण यांवाचून पानही हलत नसे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलोग्रॅम आले, आणि काही वर्षांत हे पाढे शाळेतून गेले. कोणत्याही समितीने औटकीवर बंदी घातली नव्हती. बाजारात तिचे काम उरले नाही, एवढेच. सवा, दीड, अडीच मात्र अजून ठणठणीत आहेत, कारण दूध दीड लिटर लागते आणि गाडी अडीचची असते.

मग काय करायचे? माझे म्हणणे साधे आहे. पहिली ते तिसरी दोन्ही नावे शेजारी शेजारी असू द्यावीत आणि त्याची लाज वाटू देऊ नये. दुसरीच्या मुलाने 'साठ आठ' म्हटले तर हसू नये, 'हो, अडुसष्ट' असे म्हणून पुढे जावे. चौथीनंतर जुनी नावे पक्की व्हावीत. सेमी इंग्रजी वर्गांतही पाढे मराठीत म्हणायला काय हरकत आहे? पाढ्यांना लय असते, ती 'टू वन्जा टू'ला येत नाही (हे माझे वैयक्तिक मत, कोणाला राग आला तर येवो). आणि आईबापांनी घरात रकमा मराठीत बोलाव्यात. दुधाचे बिल, विजेचे बिल, क्रिकेटच्या धावा. यासाठी सरकारी परिपत्रक लागत नाही.

शाळांनी आणखी एक करावे, त्याला पैसा लागत नाही. हजेरी नावाने न घेता आकड्याने घ्यावी, आणि तीही मराठीत. मी तशीच घेत असे. एकेका वर्गात साठ-साठ मुले, नावे वाचत बसले तर तास संपायचा. आकडे वाचले की प्रत्येकाला कान टवकारून बसावे लागे, कारण आपला आकडा केव्हा येतो हे आधीच्या मुलांच्या आकड्यांवरूनच कळणार. दिवाळीपर्यंत सगळ्या वर्गाला साठपर्यंतची नावे येत, तेलुगू घरातल्या मुलांनाही, न शिकवता. मागच्या वर्षी नव्या पेठेत एका दुकानात मी चादर बघत होते. गल्ल्यावरचा मनुष्य, डोक्यावर निम्मे केस पिकलेले, माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी ओळखले नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एकोणसाठ, हजर."